लग्नासाठी पंधरवडाभर बोट सोडून खानापूरला यायचे आहे: मांडवीत ती सुरक्षित राहील का?

प्रश्न (मूळ गाव खानापूर)

नमस्कार. मी, माझी पत्नी आणि आमची मुलगी शिडाच्या बोटीवर राहतो. सध्या बोट पणजीजवळ मांडवीत नांगरलेली आहे. माझ्या भाचीचे लग्न वैशाखात, मे महिन्याच्या मध्यावर, खानापुरात ठरले आहे. मामा म्हणून तिला बोहल्यापर्यंत मला आणायचे आहे. शिवाय देवक बसण्याच्या आधीपासून सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत आम्ही तिघांनी घरीच राहावे, असा ताईचा आग्रह आहे. पत्नीच्या मते दोघांपैकी एकाने बोटीवर थांबून फक्त लग्नाच्या दिवशी यावे. मला ते पटत नाही, कारण हळदीला मामी नसली तर ते ताईच्या मनाला लागेल. बोट इतके दिवस कुणाविना ठेवता येईल का, आणि निघताना काय काय करावे?

उत्तर (कारवार)

आपण तिघांनीही जावे, पण नांगराच्या भरवशावर जाऊ नये. मांडवीत भरती-ओहोटीमुळे प्रवाहाची दिशा साधारण दर सहा तासांनी उलटते, बोट नांगराभोवती फिरते आणि त्या फिरण्यात नांगर उखडला तर तो पुन्हा रुतेलच असे नाही. बोटीवर माणूस असला तर हे लगेच ध्यानात येते. म्हणून नदीच्या तळाशी जड वजन टाकून पक्के केलेले मूरिंग, म्हणजे बोट बांधायची कायमची जागा, भाड्याने घ्यावे, त्याची साखळी शेवटची केव्हा तपासली ते विचारावे आणि बोट दोन स्वतंत्र दोरांनी बांधावी. दोर तुटतो तो ओढीने कमी आणि घासण्याने जास्त, तेव्हा कडेवर जिथे तो टेकतो तिथे जाड पाइपाचा तुकडा त्यावर चढवावा.

पुढचे शीड नुसते गुंडाळून ठेवू नये, उतरवून आत ठेवावे. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले ते १६ मे २०२१ च्या सुमारास, म्हणजे ऐन आपल्या मुहूर्ताच्या दिवसांत. तशा वाऱ्यात गुंडाळी सुटली की शीड तर फाटतेच, शिवाय बोट मूरिंगला हिसके देऊ लागते.

तळाच्या झडपा बंद कराव्यात, मात्र कॉकपिटमधले, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतले, पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या उघड्याच ठेवाव्यात. बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप, थेट बॅटरीला जोडलेला असावा, म्हणजे मुख्य स्विच बंद असतानाही तो चालेल. निघण्यापूर्वी तळात बादलीभर पाणी ओतून तो आपोआप सुरू होतो ना, हे स्वतः उभे राहून पाहावे. गॅस बंद, फ्रिज रिकामा आणि त्याचे दार किलकिले, हे आपल्याला ठाऊक असेलच.

उत्तर (बेळगाव)

सगळ्यात महत्त्वाचा तो रोज बोटीकडे पाहणारा माणूस. शक्यतो शेजारच्याच बोटीवरचा कुणी असावा, त्याच्याकडे किल्ली आणि झडपांच्या जागा दाखवणारा कागद द्यावा, आणि मोबदला आधीच ठरवावा, म्हणजे वेळीअवेळी फोन करताना संकोच वाटत नाही.

अंतराची चिंता फार नको. चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटीमार्गे खानापूर गाठता येते, त्यामुळे तातडीचे काही झालेच तर आपल्याला त्याच दिवशी परतता येईल. मात्र मांडवपरतणे झाल्यावर पाहुणचारात जून उजाडू देऊ नये. आपली बोट ज्या नदीत आहे ती म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावते. वळवाच्या एखाद्या सरीने ती फुगत नाही, पण मृग बरसू लागला की घाटातले पाणी वाहून आलेल्या ओंडक्यांसह खाली उतरते आणि सगळा ताण त्या दोरांवर येतो.

मुलीला पहिले एक-दोन दिवस जमीन डुलल्यासारखी वाटू शकते. घरच्यांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे कुणी घाबरणार नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचाही मनापासून आभारी आहे. हे सगळे वाचून पत्नी देवकापासून येण्यास तयार झाली आहे. मूरिंगची चौकशी उद्याच करतो. एकच शंका उरली: सौर पॅनेल झाकून ठेवावे का?

उत्तर (कारवार)

झाकू नये. पंप त्याच बॅटरीवर चालणार आहे. बॅटरी जादा चार्ज होऊ न देणारा चार्ज कंट्रोलर नीट असेल तर पॅनेल चालू ठेवावे आणि बाकीची सगळी उपकरणे बंद करावीत.