शब्दचर्चा: ‘पतित देवदूत’ म्हणजे नक्की कोण?

पाणपोई
कुमारवयातल्या मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली आहे. वसईतली सोळा वर्षांची मुलगी, आजीचा हात धरून रोज चर्चला जाणारी. आजी जाते आणि मुलीचा देवावरचा विश्वास डळमळतो. नेमका तेव्हाच वर्गात एक नवा मुलगा येतो. तो माणूस नाही, वरून हाकललेला आहे, हे हळूहळू उलगडतं. इंग्रजीत या जातीच्या कादंबऱ्या पोत्याने मिळतात, माझी भाची त्या रात्रीत संपवते. म्हणून पहिली तीन प्रकरणं तिलाच दिली. ‘तो एक पतित देवदूत होता’ या वाक्यावर ती फिस्सकन हसली. म्हणाली, “आत्या, देवदूत म्हणजे तो रिक्षावाला ना, विसरलेली बॅग घरी आणून देणारा? पेपरात येतो तो?”

आता ते वाक्य मलाही वाचवत नाही. एंजलला काय म्हणू? फॉलन एंजलला काय म्हणू? आणि समोरच्या पार्टीला, म्हणजे डीमन मंडळींना?

खवीस
समोरच्या पार्टीतर्फे मी हजर आहे. आम्हाला राक्षस म्हणू नका एवढीच विनंती. राक्षस म्हटलं की मिशा आणि गदा आलीच.

पाटीपेन्सिल
भाचीचं बरोबर आहे. पुरातून काढणारा, रक्त देणारा, खड्ड्यातून मोटार ओढणारा असा जो तो बातमीत ‘देवदूत बनून धावला’. शब्द गुळगुळीत झाला. मुळात मात्र तो नेमका आहे. ग्रीक ‘अँगेलोस’ म्हणजे निरोप नेणारा. हिब्रूतला ‘मलआख’ही तोच. फारसीतला फरिश्ता म्हणजे ‘पाठवलेला’, आणि आपला प्रेषित (प्र अधिक इष्) हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. सगळीकडे हुद्दा आहे, जात नाही. पंख, प्रभावळ, पांढरा झगा हे चित्रकारांचं देणं.

जाता जाता: ‘फिरस्ता’ लिहू नका. तो फिरणारा, भटक्या. मराठी टंकलेखनात फरिश्त्याचा फिरस्ता झालेला मी दोनदा पाहिला आहे, आणि दोन्ही वेळा वाक्याला तो शोभत होता ही पंचाईत.

मिठागर
मी वसईचाच, म्हणून बोलतो. आमच्या मराठी बायबलात देवदूतच आहे. गब्रीएल देवदूत, मीखाएल आद्यदेवदूत. लहानपणापासून कानावर असल्यामुळे आम्हाला रिक्षावाला आठवत नाही. तुमची नायिका आमच्यातली असेल तर तिच्या तोंडी देवदूतच येणार. हसणारी भाची आहे, नायिका नव्हे. निवेदकाची भाषा आणि मुलीची भाषा वेगळी ठेवा, अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

आणखी एक. कादंबरीत ‘श्रद्धा डळमळली’ असं काही लिहिलं असेल तर खोडा. आमच्यात विश्वास म्हणतात. ‘तुझा विश्वास आहे का?’ एवढंच विचारतात, कशावर ते सांगावं लागत नाही. श्रद्धा म्हटलं की पाठोपाठ अंधश्रद्धा येते, नाहीतर सबुरी.

पाणपोई
दोन ठिकाणी होतं, खोडलं. आभार.

कंदील
डीमनसाठी कोणी ‘देवचार’ सुचवायच्या आत मीच येतो. गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सरळ सैतान. पण हद्द ओलांडून आमच्या सिंधुदुर्गात या, किंवा गोव्यातच हिंदू घरात जा, तर तो राखणदार! गावाची वेस राखतो, रात्री फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. आमच्या आजोबांच्या बागेत त्याची एक जागा होती, नुसता दगड. वर्षातून एकदा तिथे रोट ठेवायचा, वर एक विडी. मी सात-आठ वर्षांचा असताना विचारलं, विडी पेटवून ठेवायची की तशीच? आजोबा म्हणाले, “तेच्याकडे चूड आसता.” त्याच्याकडे पेटती चूड असतेच, काडेपेटीची कसली चिंता.

एकाच डोंगराच्या दोन अंगांना एकच शब्द, एका बाजूला गार्डियन एंजल आणि दुसऱ्या बाजूला डेव्हिल. मिशनऱ्यांना सैतानासाठी स्थानिक शब्द हवा होता, त्यांनी गावाचा राखण्याच उचलला.

पाटीपेन्सिल
बाजू बदलणारे शब्द पुष्कळ. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलं आहे ते गौरवाने. तोच शब्द इराणात अहुर होऊन तिकडचा परमेश्वर अहुर मज्द झाला आणि तिकडचे ‘दएव’ दुष्ट ठरले. आपल्याकडे नेमकं उलटं. परीचंही तसंच. पारशांच्या धर्मग्रंथातली, अवेस्तातली ‘पइरिका’ घातकी बाई होती, आज आपण लेकीचं नाव परी ठेवतो.

आणि इब्लिस! कुराणात हा आदमपुढे झुकायला नकार देतो म्हणून हाकलला जातो. आपल्याकडे तो काचा फोडणारा शेजारचा कार्टा. ‘भारी इब्लिस आहे’ म्हणताना आजीच्या आवाजात निम्मं कौतुक असतं. पाणपोई, तुमच्या पोराला शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी इब्लिस म्हणावं. जाणणारे जाणतील.

पाणपोई
हे उचललं! तिसऱ्या प्रकरणात बाईंच्या तोंडी घालते.

गोधडी
नागपूरहून. देवदूत शब्दाला पालीत वेगळाच अर्थ आहे, तो इथे यायला हवा. बुद्धवचनांच्या संग्रहात, मज्झिम निकायात, देवदूत सुत्त आहे. मेल्यावर माणसाला यमापुढे उभं करतात आणि यम विचारतो, तुला देवदूत दिसले नाहीत का? तो म्हणतो, नाही महाराज. मग यम एकेक दाखवतो. उताणं पडलेलं तान्हं मूल, काठी टेकत चाललेला म्हातारा, अंथरुणाला खिळलेला रोगी, शिक्षा भोगणारा चोर, आणि प्रेत. हेच पाच देवदूत. पंख कुणालाच नाहीत. सगळे रोज दिसणारे, निरोप एकच आणणारे. आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात तेव्हा, भंतेजींच्या प्रवचनात मी हे पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा माझी आई आजारी होती, त्यामुळे पुढचं प्रवचन कानात शिरलंच नाही.

पाणपोई
यावर पटकन काही लिहिता येत नाही. आजीचं प्रकरण परत वाचते.

खवीस
मुद्द्यावर या, ‘पतित’चं काय? पदच्युत म्हणावं तर माजी महापौर वाटतो.

पाटीपेन्सिल
पतित नको, अगदी नको. या शब्दावर दोन मोठे शिक्के आहेत. एक भक्तीचा: पतितपावन. पतित म्हटल्याबरोबर त्याला उचलून घेणारा विठ्ठल मागे उभा दिसतो. दुसरा समाजाचा: वाळीत टाकलेला, जातीबाहेर काढलेला. रत्नागिरीत १९३१ साली सर्वांना खुल्या असलेल्या मंदिराला पतितपावन नाव दिलं, ते या दोन्ही अर्थांवर बोट ठेवून. इतकं ओझं तुमचा नववी-दहावीतला नायक कुठे वाहणार?

कंदील
‘शापित गंधर्व’? देखणा, गाणारा, खाली फेकलेला. मुलींना आवडेल.

पाटीपेन्सिल
देखणेपणापुरता चालेल. पण मग शापाला उःशाप लागतो. आपल्याकडे ऋषी रागाच्या भरात शाप देतात आणि पाय धरले की लगेच मुदत सांगतात. जय-विजय बघा. वैकुंठाचे द्वारपाल, सनकादिकांना अडवलं म्हणून खाली आले. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र असे तीन जन्म वैर करायचं आणि मग परत नोकरीवर रुजू. आपल्याकडे फॉलन एंजलच्या जवळ जाणारं याहून दुसरं काही मला दिसत नाही. पण ही बदली झाली, बडतर्फी नव्हे. ख्रिस्ती कथेत पडलेल्या दूताला परतीचं तिकीट नाही. तुमच्या गोष्टीतला सगळा ताण तिथे आहे, आणि ‘शापित’ म्हटलंत की मराठी वाचक तिसऱ्या पानापासून उःशापाची वाट बघत बसेल.

मिठागर
शंभर टक्के. शिवाय आजीच्या मरणाचा प्रसंग रंगवताना अजामेळाची छाया पडू देऊ नका. तिथे मरणाऱ्याच्या उशाशी यमदूत आणि विष्णुदूत भांडतात, आणि पोराला मारलेल्या ‘नारायण’ हाकेवर निकाल लागतो. फार सुंदर गोष्ट, पण तुमची नाही.

कंदील
परक्याचं घेऊ नये असंही नाही हो. फादर स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात राचोलला ख्रिस्ताची गोष्ट ओव्यांत सांगणारं क्रिस्तपुराण छापलं, तेव्हा स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटलं. इंग्लंडातून आलेला जेझुइट, आणि ओव्या अकरा हजारांच्या घरात.

मिठागर
त्याला ओवीच्या श्रोत्याला आपलंसं करायचं होतं. इथे श्रोता आधीच इंग्रजी वाचून बसला आहे. माझं म्हणणं, विशेषण सोडा आणि क्रियापद धरा. ‘त्याला वरून काढलंय.’ बस. नोकरीवरून काढतात, घरातून काढतात, वर्गातून काढतात. सोळा वर्षांच्या मुलीला ‘काढलं’ कळतं.

पाणपोई
हे भाचीला वाचून दाखवलं. हसली नाही. “कशाबद्दल काढलं?” एवढंच विचारलं आणि चौथं प्रकरण मागितलं, जे अजून लिहिलेलं नाही.

आता राहिलं त्या जमातीचं नाव. ते एकमेकांना काय म्हणत असतील? पाटीपेन्सिलनी वर ‘निरोप नेणारा’ लिहिलं तेव्हापासून ‘निरोप्या’ डोक्यात घोळतो आहे.

खवीस
निरोप्या म्हणजे पोस्टमन वाटतो.

मिठागर
आमच्या घरात निरोप्या म्हणजे मासिक. १९०३ पासून निघणारं, कॅथलिक घरांत येणारं. आजीच्या उशीखाली चष्म्याबरोबर तेच असायचं. तुमच्या आजीच्याही असेल.

गोधडी
निरोप शब्द दोन्हीकडून चालतो हे लक्षात घ्या. निरोप आणतात आणि निरोप घेतातही.

पाणपोई
म्हणजे तो आजीचा निरोप घेऊन आला की आजीचा निरोप घ्यायला आला, हे वाक्यातून कळणारच नाही. मुलीलाही नाही. वर असताना त्याचं शेवटचं काम आजीकडेच होतं आणि ते त्याने केलं नाही, म्हणून काढलं. काल रात्री दीडला उठून चौथं प्रकरण सुरू केलं. उशीखालचं मासिकही घातलं आहे, चष्मा त्यात खूण म्हणून अडकवलेला. मिठागर, पंखांना तुमच्याकडे घरात काय म्हणतात तेवढं सांगा. ‘पंख’ लिहिलं की मला सारखा छताचा पंखा दिसतो.