मदत हवी आहे: मला एक्झिमा होता, बाळालाही होणारच का?

घुम्या_पारवा: मला लहानपणी एक्झिमा होता, दहावीपर्यंत पुरला. आता बाळाचे गाल लालभडक, खरखरीत. रात्री कडेवर घेतलं की माझ्या खांद्यावर गाल घासत बसतं, पहाटे झबल्याच्या गळ्याशी रक्ताचे ठिपके. नवऱ्याकडे कुणालाच काही नाही. डॉक्टरांनी क्रीम दिलं आणि पाच मिनिटांत बाहेर. हे माझ्यामुळेच ना? लवकर सांगा. 'गुगल करा' नको, करून झालंय.

चष्मिष: वय? क्रीम कुठलं? लंगोटाच्या जागी पुरळ आहे? घरात आणखी कुणाला खाज? खरूज असेल तर सगळं घर खाजवत बसतं.

निवांतराव: साबण बंद करा. आणि आईने दूध, अंडी बंद. आमच्या दोन्ही मुलांचं त्यानेच गेलं.

कातरवेळ: साबणाचं ठीक. पण पाजणाऱ्या बाईला उपाशी का ठेवताय? बऱ्याच मुलांचं वाढत्या वयात आपणहून जातं, श्रेय तुमच्या पथ्याला!

निवांतराव: अनुभव सांगितला. नसेल पटत तर सोडा.

सायसाखर: टाळूवर पिवळट खपल्या असतील तर घाबरू नका, त्या आपोआप जातात.

घुम्या_पारवा: टाळू स्वच्छ आहे हो. वय पाच महिने. गाल, कपाळ, पोटऱ्या. लंगोटाच्या जागी उलट मऊ. खाज दुसऱ्या कुणालाच नाही. क्रीम साधं मॉइश्चरायझर. नवऱ्याला लहानपणी पंप लागायचा, पण तो दम्याचा, म्हणून लिहिलं नाही.

चष्मिष: अहो, तेच तर लिहायचं! दमा, ॲलर्जीची सर्दी, एक्झिमा ही एकाच गोतावळ्यातली मंडळी. एका पालकाला यातलं काही असेल तर बाळाचा धोका वाढतो, दोघांना असेल तर आणखी. तरी 'होणारच' असं नाही. २००६ मध्ये फिलॅग्रिन नावाच्या त्वचेतल्या प्रथिनाच्या जनुकातला दोष सापडला. हे प्रथिन कमी पडलं की त्वचेत ओलावा टिकत नाही. पण तो दोष असून एक्झिमा न झालेले आहेत, आणि नसून झालेलेही. दम्याचंही तसंच, शक्यता वाढते, ठरलेलं नसतं. लक्षणं एक्झिमाचीच वाटतात, पण त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच. फोड, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी.

घुम्या_पारवा: जन्मल्यापासून रोज क्रीम चोपडलं असतं तर टळलं असतं का? हेच डोक्यात फिरतंय.

कातरवेळ: नाही. ब्रिटनमध्ये घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या १३९४ बाळांवर हाच प्रयोग झाला, निकाल २०२० साली आला. वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावलेल्यांत दोन वर्षांच्या वयात एक्झिमा २३ टक्के, बाकीच्यांत २५. म्हणजे फरक नाहीच. मात्र एकदा झाल्यावर क्रीम हवंच, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. लाल चट्ट्यांना डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइड दिलं तर घाबरून अर्ध्यात सोडू नका.

निवांतराव: स्टिरॉइड? पाच महिन्यांच्या बाळाला?

कातरवेळ: त्यावर वेगळा धागा काढा.

घुम्या_पारवा: आत्ताच सासूबाईंना फोन केला. म्हणाल्या, "एक्झिमा कसला! कोपराच्या खळग्यात जरा चट्टे यायचे त्याला, खाजवायचा बिचारा." आणि मी तीन वर्षं ऐकतेय, आमच्याकडे कुणाला काही नाही!