फोंतव्रोच्या राजमूर्ती इंग्लंडला द्यायला हव्या होत्या का?

भटक्या
माझं मत: हो. फ्रान्समधल्या फोंतव्रो मठात इंग्लंडचा दुसरा हेन्री, राणी एलेनॉर, मुलगा 'सिंहहृदयी' रिचर्ड आणि सून इझाबेला यांच्या पहुडलेल्या मूर्ती आहेत. १८६६च्या सुमारास इंग्लंडने त्या मागितल्या. तिसरा नेपोलियन कबूलही झाला, पण फ्रान्समध्ये ओरड झाली आणि बेत बारगळला. ज्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीत थडगी उद्ध्वस्त केली, मठाचा तुरुंग केला, त्यांना अचानक पुळका कुठून आला?

रेवाकाठ
'इंग्लंडचे राजे' इथेच गडबड आहे. हेन्री मूळचा फ्रान्समधल्या आंजू प्रांताचा. ११८९मध्ये शिनाँच्या किल्ल्यात वारला, मठ तिथून जवळच. रिचर्डने दहा वर्षांच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने काढले. त्याचं काळीज फ्रान्समध्येच रुआँला, देह इथे बापाच्या पायाशी. इंग्लंडच्या वाट्याला काय आलं?

आडवाट
+१. आणि मठही साधासुधा नव्हता! ११०१मध्ये रॉबेर द आर्ब्रिसेलने तो स्थापला. साधू-साध्वी दोघेही, पण कारभार बाईच्या हाती. क्रांतीपर्यंत ३६ मठाध्यक्षा झाल्या. नवऱ्याने पंधराएक वर्षं कैदेत ठेवलेली एलेनॉर म्हातारपणी इथे येऊन राहिली, १२०४मध्ये गेली. आता त्याच नवऱ्याशेजारी उघडं पुस्तक धरून पहुडली आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या राजेराण्यांच्या थडग्यांच्या गर्दीत ती हरवली असती.

भटक्या
पुस्तक तिथेही तिच्या हातातच राहिलं असतं की! मुद्दा सांभाळण्याचा आहे. १८०४मध्ये पहिल्या नेपोलियनने तुरुंगाचा हुकूम काढला आणि पुढे चर्चमध्ये मजले घालून कैदी कोंबले. १९६३पर्यंत तुरुंग चालला.

जुना_चिरा
तुरुंग झाला म्हणूनच इमारत उभी राहिली, साहेब. फ्रान्समधलाच क्लुनीचा मठ बघा: दगड विकून संपवला. माझी तक्रार उलटी आहे. पुढे मजले काढले, घुमट नव्याने बांधले, आणि आता पर्यटकाला वाटतं सगळं बाराव्या शतकातलंच. दीडशे वर्षांचे कैदी त्यात पुसले गेले.

भटक्या
क्लुनीचा दाखला बिनतोड. पण थडगी फोडल्यावर आत हाडंच उरली नाहीत, तर मूर्ती थडग्यावरच्या राहिल्या कुठे? १८४६मध्ये फ्रेंचांनीच त्या हलवल्या होत्या, १८४९मध्ये परत आणल्या. हलवायचं पाप फक्त इंग्रजांनाच का लागतं?

रेवाकाठ
कारण फ्रेंचांनी परत आणल्या. इंग्रजांनी नेलेलं परत आलेलं कधी पाहिलंय?