बुडालेल्या जहाजांवर स्कुबा: कोणती जागा आधी धरावी?

दर्याभूल

मंडळी, चार जणांचा गट आहे. प्रमाणपत्रं म्हणाल तर दोघं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर, दोघं नुसते ओपन वॉटर (पहिली पायरी). नायट्रॉक्सचं (जादा ऑक्सिजन असलेल्या हवेचं) कार्ड एकाकडेच. हाताशी आठ-दहा दिवस. बोटीवर मुक्काम चालेल, पण जोरदार प्रवाहाची सवय कोणालाच नाही. यादीत आहेत: लाल समुद्रातलं थिसलगॉर्म, बालीचं लिबर्टी, फिलिपिन्समधलं कोरोन, सायप्रसचं झेनोबिया आणि मायक्रोनेशियातलं चूक लगून. ‘जगातली सर्वोत्तम दहा’ छापाच्या याद्यांत ही सगळीच पहिल्या पाचात असतात, त्यामुळे त्यांचा उपयोग शून्य. निवड कशावर करायची? आणि जहाजाच्या आत जाणं कितपत गृहीत धरावं?

तळठाव

प्रत्येक जहाजाचे दोन आकडे काढा: तळ किती मीटरवर आणि वरचा भाग किती मीटरवर. मग तिसरी गोष्ट: जहाज उभं आहे की कुशीवर पडलंय. निम्मी यादी तिथेच गळते.

झेनोबिया घ्या. १९८० साली पहिल्याच सफरीत लार्नाकाजवळ बुडालेली ही वाहनं नेणारी रो-रो फेरी १७० मीटरहून लांब आहे आणि तिच्यासोबत शंभरावर ट्रक गेले. पण ती डाव्या कुशीवर आडवी आहे. तळ ४२ मीटरवर, वरची कूस १६ ते १८ वर. ओपन वॉटरची मर्यादाच १८ मीटर, म्हणजे तुमच्यातले दोघे एका लांबलचक लोखंडी भिंतीवरून पोहून परत येणार. ट्रक खाली राहतात. शिवाय आडव्या जहाजात जमिनीची भिंत झालेली असते, दारं पायाखाली येतात, जिने आडवे. आत गेल्यावर दिशेचा अंदाज चुकतो तो यामुळेच. किनाऱ्यापासून बोटीने काही मिनिटांवर आहे, म्हणून सोपी जागा समजली जाते. ती सोपी नाही.

लिबर्टी याच्या अगदी उलट. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, मग ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर आणून टेकवलं, आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात किनाऱ्यावरून पाण्यात सरकलं. त्यामुळे ते उतारावर आहे: वरचा भाग पाच-सहा मीटरवर, खालचा तीसच्या आसपास. चौघांना एकाच डाइव्हमध्ये आपापली खोली मिळते. सांगाडा इतका फुटलाय की बहुतेक ठिकाणी डोक्यावर छप्परच नाही. अडचण एकच, पाण्यात शिरताना. किनाऱ्यावर मोठे गोटे आहेत, लाट असेल तर पाय मुरगळतो. दोन लाटांमधली उसंत बघून छातीभर पाण्यात जा आणि पायातले फिन तिथे चढवा. मुक्काम तुलांबेनमध्येच ठेवा. दक्षिण बालीहून दिवसभरासाठी येणारी गर्दी नऊ-साडेनऊला पोचते. सहा वाजता उतरलात तर जहाज जवळपास तुमचंच असतं.

चूक लगून या खेपेला सोडा. १७-१८ फेब्रुवारी १९४४ च्या अमेरिकन हल्ल्यात तिथे जे बुडालं, त्यातलं फुजिकावा मारू सरळ उभं आहे आणि तुम्हाला झेपेल. पण सान फ्रान्सिस्को मारूच्या डेकवरचे रणगाडे पन्नास मीटरच्या आसपास आहेत. एवढा लांबचा प्रवास करून निम्मी जहाजं वर्ज्य ठेवायची म्हणजे पैसे पाण्यात, तेही शब्दशः.

बारमोजणी

आत जाण्याबद्दल. उघड्या होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) उतरणं, जिथून वर पाहिलं की निळं पाणी दिसतं, आणि बंद कॉरिडॉरमध्ये शिरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी चांगला गाईड आणि पाण्यात स्थिर तरंगता येणं पुरतं. दुसरीसाठी रेक (बुडालेल्या जहाजावरच्या) डायव्हिंगचं प्रशिक्षण हवं. ते असलं तरी मनोरंजक डायव्हिंगची मर्यादा ठरलेली आहे: बाहेरचा उजेड दिसेल तिथपर्यंतच, आणि पृष्ठभागापासून खोली अधिक आतलं अंतर मिळून ४० मीटर. म्हणजे दार २८ मीटरवर असेल तर आत फक्त १२ मीटर.

आता हवा मोजा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला ३० मीटरवर ४ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) दाब असल्याने ८० लिटर लागतात. बारा लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की २,४०० लिटर. आत शिरताना तृतीयांशाचा नियम: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. एक भाग ८०० लिटर, म्हणजे दहा मिनिटं. नेहमीचं ११.१ लिटरचं ॲल्युमिनियम सिलिंडर असेल तर नऊ. त्यातही खाली उतरताना गेलेली हवा अजून धरलेली नाही.

बाहेरून फिरणार असलात तरी वर निघायचा आकडा बोटीवरच ठरवा. एका सिलिंडरवर दोघांना वर यायचं असं धरा, मिनिटाला ४० लिटर. ३० मीटरवर दोन मिनिटं गोंधळ निस्तरायला: ३२०. तीन मिनिटांत वर येणं, सरासरी अडीच बार: ३००. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: १८०. बेरीज ८००, बारा लिटरमध्ये जवळपास ७० बार. आणि घाबरलेला माणूस २० लिटरवर थांबत नाही, म्हणून ८०-९० धरलेलं बरं. ‘५० बारला वर’ हा आकडा उथळ रीफवर (प्रवाळाच्या खडकांवर) चालतो, तीस मीटरवरच्या जहाजावर नाही.

आत बिघडतं ते बहुधा गाळामुळे. वर-खाली मारलेल्या फिनच्या एका फटक्याने तळाचा गाळ उठतो, आणि तुम्ही अगदी स्वस्थ राहिलात तरी श्वासाचे बुडबुडे छताचा गंज पाडतात. अर्ध्या मिनिटात हात दिसेनासा होतो. म्हणून बेडकासारखी फिन मारायला आधी रीफवर शिका. परतीची वाट सापडावी म्हणून लावायचा दोर आपला स्वतःचा: पहिली गाठ बाहेर उघड्या पाण्यात, दुसरी दाराच्या लगेच आत, दोर ताणलेला आणि गंजलेल्या धारेपासून लांब. ढिला दोर स्वतःच पायात अडकतो. टॉर्च तीन, एक मोठा आणि दोन राखीव. चाकूपेक्षा लाइन कटर किंवा कात्री घ्या, कारण जहाजांवर मासेमारीची जाळी आणि नायलॉनचे धागे अडकलेले असतात. चाकूने तो बारीक धागा एका हाताने कापून बघा, म्हणजे कळेल.

खारा_वारा

वरच्या दोघांशी बऱ्यापैकी सहमत, पण थिसलगॉर्म इतक्यात काटू नका. ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी बुडवलेलं हे मालवाहू जहाज जवळजवळ सरळ बसलंय, तळ ३० च्या आसपास, डेक १६ ते १८. पुढच्या होल्डमध्ये बीएसए मोटारसायकली आणि बेडफर्ड ट्रक. चारनंबरी होल्डपाशी स्फोट झाला तिथे जहाज उघडं पडलंय आणि शेपटाकडचा भाग कलंडलाय.

अडचण प्रवाहाची आहे. बोट ज्या दोराने बांधलेली असते, त्याला धरून उतरायचं. मधल्या पाण्यात दोर सोडला तर जहाज चुकतं. डेकवर जोर असेल तर प्रवाहाच्या आडोशाच्या बाजूने होल्डमध्ये सरका. वर येताना आपल्याच बोटीचा दोर शोधा, तो कुठे बांधलाय ते उतरतानाच बघून ठेवा. इजिप्तच्या शार्म अल शेखहून सकाळच्या बोटी यायच्या आत मुक्कामी बोटवाले पहाटेची डाइव्ह उरकतात, तोच खरा फायदा.

क्रम असा लावा: सुरुवातीचे दोन-तीन दिवस रीफवर, त्यात ओपन वॉटरवाल्या दोघांचा ॲडव्हान्स्ड कोर्स. त्यातल्या पाच डाइव्हपैकी खोल पाणी आणि दिशाशोधन सक्तीचे, उरलेल्यांत रेक निवडता येते. मग लाल समुद्रातलाच अबू नुहास हा रीफ. तिथलं १८६९ मध्ये बुडालेलं कार्नाटिक पहिल्या रेकसाठी उत्तम, कारण डेकचं लाकूड सडून नुसत्या लोखंडी बरगड्या उरल्यात आणि आत सगळीकडून उजेड येतो. तिथलंच दुसरं जहाज जियानिस डी फोटोत झकास दिसतं, पण कललेल्या इंजिन रूममध्ये डोकं गरगरतं. बाहेरूनच बघा. थिसलगॉर्म त्यानंतर. वारा उत्तरेचा वाढला तर अबू नुहास रद्द होतं, तेव्हा एक दिवस मोकळा ठेवा.

नायट्रॉक्स चौघांनीही करा. ३२ टक्के ऑक्सिजनवर ३० मीटरला विना-डीकम्प्रेशन वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न लागता खाली राहता येणारा वेळ) साधारण अर्धा तास मिळतो, हवेवर वीस मिनिटं. ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बारच्या मर्यादेत ३२ टक्के ३३ मीटरपर्यंतच चालतं, हे झेनोबियाच्या तळाकडे बघताना विसरू नका.

दर्याभूल

आभार! म्हणजे बाली किंवा लाल समुद्र. कोरोनबद्दल कोणीच बोललं नाही? आणि ऑस्ट्रेलियाच्या योंगालाबद्दल फार ऐकलंय.

तळठाव

कोरोन तुम्हाला चालेल. २४ सप्टेंबर १९४४ च्या हवाई हल्ल्यातली जपानी जहाजं आहेत. ओकिकावा मारू म्हणून दाखवतात तो टँकर उभा आहे, डेक १० ते १६ मीटरवर, ओपन वॉटरवाल्यांना पुरेपूर. (तिथल्या काही जहाजांच्या नावांचे घोळ अजून चालू आहेत, फलकावर फार विसंबू नका.) इराको या दुसऱ्या जहाजाचा तळ मात्र चाळीसच्या पुढे. पाणी लाल समुद्राइतकं स्वच्छ नसतं, त्यामुळे आत न शिरताही जोडीदार दिसेनासा होऊ शकतो. दोघांमध्ये हात पोचेल एवढंच अंतर.

योंगाला १९११ च्या चक्रीवादळात १२२ जणांसह बुडालं. आत जायला कायद्याने बंदी आहे आणि उघड्या समुद्रात असल्याने प्रवाह, लाट दोन्ही असतात. बाहेरून दिसणारं समुद्री जीवन मात्र तुमच्या यादीतल्या कुठल्याही जहाजाहून सरस. ॲडव्हान्स्ड झाल्यावर जा.

बारमोजणी

आरक्षणाआधी बोटवाल्याला विचारा: पंधरा लिटरचं सिलिंडर मिळतं का, एका गाईडमागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन आहे का. जास्त हवा लागणाऱ्याला पंधरा लिटर दिलं की तृतीयांश १,००० लिटरचा होतो, ३० मीटरवर साडेबारा मिनिटं, आणि त्याच्यापायी बाकी तिघांना लवकर वर यावं लागत नाही. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास. बालीत परतताना किंतामणीचा डोंगररस्ता १,५०० मीटरच्या आसपास चढतो आणि उंचीवर विमानासारखाच हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे त्याच दिवशी निघणार असाल तर गाडी किनाऱ्याच्या रस्त्यानेच न्यायला सांगा.