मनोविकार आणि मेंदूचे विकार यांची वर्गवारी वेगळी का असावी?

धागा (लोकमान्यनगर, इंदूर)
जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी मनोविकार आणि मज्जासंस्थेचे विकार यांची प्रकरणे वेगळीच राहिली. ही विभागणी शास्त्रीय नसून केवळ इतिहासाने चालत आलेली आहे, असे माझे ठाम मत आहे. बुद्धी ढळत जाऊन शेवटी हातपाय लुळे पडणारे असंख्य रुग्ण एके काळी वेड्यांच्या इस्पितळात ठेवले जात. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले. कारण सापडले की आजार मेंदूचा ठरतो, न सापडलेले मनाच्या खाती उरतात. अपस्मारासाठी न्यूरॉलॉजिस्टकडे बिनदिक्कत जाणारी कुटुंबे बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाचे नाव निघताच मागे सरतात, ते या विभागणीमुळेच. दोन्ही प्रकरणे एक करावीत.

प्रतिसाद (रामबाग)
आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. त्याच आवृत्तीत पक्षाघात रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून मज्जासंस्थेच्या प्रकरणात आला. गुठळी आजही रक्तवाहिनीतच होते. पण हानी मेंदूची होते, म्हणून जागा बदलली. अर्थात वर्गवारी केवळ कारणावरून होत नाही. नैराश्याचे निदान कोणत्याही रक्ततपासणीने किंवा एमआरआयने होत नाही, तर झोप, भूक, कामावरून उडालेले मन यांविषयी रुग्ण जे सांगतो त्यावरून होते. मेंदूत बदल होत असणारच, पण शोध तिथेच थांबवला तर कर्ज आणि घरातली मारहाण डॉक्टरांच्या नजरेआड होईल. भेदभावाचे म्हणाल, तर मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देण्याचे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घातले. त्यासाठी प्रकरणे एक करावी लागली नाहीत.

प्रतिसाद (राजवाडा)
अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली, ती मेंदूत काही नवे सापडले म्हणून नव्हे. मुळात विकार कशाला म्हणायचे, हा प्रश्न मेंदूच्या अभ्यासाने एकट्याने सुटणारा नाही.

धागाकर्ता
ते खरे, पण विकार ठरल्यानंतर तो कुठे ठेवायचा, एवढाच माझा प्रश्न आहे. आज अल्झायमर मज्जासंस्थेच्या प्रकरणात आहे आणि त्यामुळे होणारा स्मृतिभ्रंश मनोविकारांत. एकाच आजीचा एकच आजार असा दोन ठिकाणी वाटण्यात कोणाची सोय आहे? हृदयविकारामागेही गरिबी, ताण आणि तंबाखू असतात, तरी त्याला कोणी वेगळ्या प्रकरणात टाकत नाही.

प्रतिसाद (रामबाग)
स्मृतिभ्रंशाचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु हृदयविकाराची खूण ईसीजीत दिसते. स्किझोफ्रेनियाची तशी निर्णायक खूण हाती येईपर्यंत एकत्रीकरणाला माझा विरोध राहील.