आमच्या बाळंतिणींवरच्या संशोधनातलं आमच्या पदरात काय पडलं?

येळ्ळूरकर

मागच्या महिन्यात बहिणीला बाळंतपणासाठी घेऊन गेलो होतो. कुठे ते सांगत नाही. रात्री अकराला सिझर करायचं ठरलं आणि सहीसाठी कागद पुढे आला. अख्खा कन्नडमध्ये. आईचं कन्नड बाजारापुरतं, वाचता येत नाही. बहीण मराठी शाळेत शिकलेली. "इथं सही, इथं नाव," म्हणून बोट ठेवलं गेलं आणि दीड मिनिटात संमती झाली. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला म्हणून वाचत बसलो. बाळंतपणावरच्या संशोधनात बेळगाव जिल्ह्याचं नाव जगभर आहे, हे मला या वयात कळलं. इथलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज वीसहून जास्त वर्षं अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या एका मोठ्या संशोधन जाळ्यात काम करत आलंय. रक्तस्राव थांबवायची गोळी, ॲस्पिरिन, स्टिरॉइड, अँटिबायोटिक, सगळ्याच्या चाचण्या आपल्या जिल्ह्यातल्या बायकांवर झाल्या. निकाल 'लॅन्सेट'सारख्या परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत, इंग्रजीत.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या बाईनं अंग दिलं, तिला निकाल कुणी तिच्या भाषेत सांगितला? सांगत नसतील तर पुढच्या चाचणीला गावानं "थांबा जरा" म्हणावं.

निवृत्त सिस्टर

थांबा म्हणणं सोपं आहे हो भाऊ, बाळंतीण थांबत नाही.

मी एकतीस वर्षं उपकेंद्रात काढली. बाळंतपणात रक्त किती गेलं हे आम्ही कसं ठरवत होतो सांगू? लुगडं किती भिजलं त्यावर. दोन भिजली तर "जरा जास्त", तिसरं घेतलं की जीप शोधायची. त्यात कंदिलाचा उजेड, आणि सासू म्हणणार, "जाऊ दे की, घाण रक्त जातंय ते." अर्धा लिटर गेलं की धोका, हे पुस्तकात होतं. अर्धा लिटर लुगड्यात कसं मोजायचं हे पुस्तकात नव्हतं.

मग ते प्लॅस्टिक आलं. बाळ बाहेर पडलं की बाईच्या खाली सरकवायचं, वरच्या पट्ट्या कमरेला बांधायच्या. खालच्या टोकाला निमुळती पिशवी, तिच्यावर रेघा. रक्त आपसूक पिशवीत उतरतं, रेघ वाचायची. दुधाच्या मापासारखं. ती पिशवी आपल्याच जिल्ह्यातल्या त्या गोळीच्या चाचणीसाठी तयार केलेली. नुसत्या नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्के कमी निघतो, हेही इथंच दिसलं. म्हणजे इतकी वर्षं मी पाऊण लिटर बघून अर्धा म्हणत होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पदरात काय पडलं विचारता. हे पडलं.

घाटमाथा

सिस्टर, मान राखून विचारतो. त्याच गोळीच्या चाचणीबद्दल. मिसोप्रोस्टॉल. २००६ साली निकाल आला. आपल्या जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतल्या १६२० बायका. ८१२ जणींना खरी गोळी, ८०८ जणींना नुसती, औषध नसलेली. खऱ्या गोळीवाल्यांत अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं ६.४ टक्क्यांना, नुसत्या गोळीवाल्यांत १२ टक्क्यांना. लिटरच्या वर गेलं ०.२ विरुद्ध १.२ टक्के.

आकडा छान आहे. पण त्या १२ टक्क्यांत माझ्या गावची कुणी असेल तर? रक्तस्राव आवळायची औषधं जगात आधीपासून होती. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन काय काल निघालं नव्हतं. मग निम्म्या बायकांना रिकामी गोळी का? अमेरिकेत असं करू दिलं असतं काय? गरीब आहे, लांब आहे, बोलत नाही, म्हणून खानापूर-बेळगावची बाई.

निवृत्त सिस्टर

तुमचा राग कळतो. मलाही ते गोड वाटलेलं नाही. पण त्या वेळचं चित्र बघा. आम्हा नर्सबायांना ते इंजेक्शन द्यायची परवानगीच नव्हती. घरच्या आणि उपकेंद्रातल्या बाळंतपणात काहीच दिलं जात नव्हतं. काही नाही म्हणजे काही नाही. वार पडेपर्यंत वाट बघायची आणि देवाचं नाव घ्यायचं. रिकामी गोळी मिळालेल्या बाईचं त्यामुळे आधीपेक्षा कमी झालं नाही. उलट शिकलेली नर्स शेजारी बसली, रक्त मोजलं गेलं, गाडीची सोय बघितली गेली.

इंजेक्शनला फ्रीज लागतो, सुई लागते. गोळीला ओंजळभर पाणी. अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा जादा रक्तस्राव टळतो. अंगात हुडहुडी भरते, ताप येतो, काही वेळात उतरतो. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्यामागच्या पुराव्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे.

घाटमाथा

"परवानगी नव्हती" हे कारण झालं, उत्तर नाही. परवानगी द्यायची होती मग.

रात्रपाळीचा डॉक्टर

घाटमाथा, ही शेवटची ओळ मला पटली. बाकीचं नाही.

आपण फक्त यशस्वी चाचण्यांवर भांडतोय. मला जी महत्त्वाची वाटते ती फसलेली आहे. दिवस भरायच्या आधी बाळ येणार असं दिसलं की आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात. मोठ्या दवाखान्यात हे सिद्ध झालेलं. मग सगळ्यांना वाटलं, खेड्यापाड्यात नेऊया. सहा देशांत चाचणी झाली, भारतातून बेळगाव आणि नागपूर, सगळी मिळून लाखभर बाळंतपणं. निकाल २०१५ च्या 'लॅन्सेट'मध्ये. अगदी लहान बाळांत मृत्यू कमी झाले नाहीत. आणि सगळी बाळं धरली तर जिथं योजना राबवली तिथं दर हजारी साडेतीन बाळं जास्त गेली. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला.

चाचणी न करता तशीच योजना काढली असती तर? सरकारी फतवा निघाला असता, प्रत्येक उपकेंद्रात इंजेक्शन पोचलं असतं, आणि कुणालाही कळलं नसतं. जी बाळं या निकालामुळे वाचली, ती कुणाच्या घरी आहेत ते दाखवता येत नाही. म्हणून त्याचे आभार कुणी मानत नाही.

पुढे २०२० साली निवडक रुग्णालयांत, जिथं दिवस नीट मोजले जातात आणि कमी वजनाच्या बाळाची देखभाल होते, तिथं तेच औषध तपासलं. दिवसांआधी आलेल्या बाळांतले नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच, जागा वेगळी. तेव्हा "आमच्या खेड्यात प्रयोग नको" म्हणाल तर मुंबई-लंडनचा निकाल आंधळेपणानं तुमच्या खेड्यावर लादला जाईल. ते जास्त धोक्याचं.

बिडीगल्ली निपाणी

डॉक्टरसाहेब, सगळं बरोबर. पण आमच्या गल्लीत प्रश्न रक्त जायचा नंतर, आधी रक्त असायचा आहे. लोहाच्या गोळ्या मिळतात, पाकीटच्या पाकीट. तोंड कडू होतं, संडास काळी होते, म्हणून बायका घेत नाहीत. माझ्या चुलतीनं कोंबड्यांच्या खुराड्यामागं पुरलेल्या मी बघितल्यात. आशाताईनं विचारलं की "घेतलं की!"

आता कर्नाटकात आणि राजस्थानात ४३२० गरोदर बायकांवर शिरेतून एकदाच लोह देऊन बघितलंय, रक्त ७ ते ९.९ असलेल्यांवर, गोळ्यांशी तुलना करून. प्रश्न चांगला विचारला म्हणेन मी. पण बिड्या वळणाऱ्या बाईचा दिवस बुडतो त्याचं काय? हजार बिड्यांमागं मजुरी मिळते. दवाखान्यात सकाळ गेली की संध्याकाळची चूल.

तायी कार्डवाली

मी आशा आहे. नाव नको.

आमच्याकडं फोन दिला होता, बीपी बघायचं मशीन दिलं होतं. गरोदर बाईचं बीपी वाढलं तर तिथंच गोळी, आणि वर पाठवायचं. बेळगाव आणि बागलकोट दोन्ही जिल्ह्यांत. मला तर अभिमान वाटायचा. बायका म्हणायच्या, "ताई डॉक्टर झाल्या." २०२० साली त्याचा निकाल आला, की एकूण आई-बाळाच्या त्रासात आणि मृत्यूत फरक पडला नाही. हे मला कधी कळलं माहितीय? आत्ता. या चर्चेपायी शोधलं तेव्हा.

येळ्ळूरकरांचं बाकी मला पटत नाही, चाचण्या थांबवू नका. पण एवढं खरं आहे. आम्ही उन्हातान्हात दारोदार फिरलो आणि काय निघालं ते आम्हालाच सांगितलं नाही. फरक का पडला नाही हे आम्हाला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. वर पाठवलेली बाई वर पोचत नाही. नवऱ्याकडं भाडं नसतं, आणि पोचली तर तिथून अजून वर पाठवतात.

येळ्ळूरकर

हेच, हेच म्हणतोय मी!

रात्रपाळीचा डॉक्टर

नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही चाचण्या थांबवायला सांगत होता. आणि बहिणीचा कागद चाचणीचा नव्हता, साध्या ऑपरेशनचा होता. संशोधनाच्या संमतीला नियम उलट कडक आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे, माहिती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत हवी. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा. चाचणीत शिरणाऱ्या बाईला तुमच्या बहिणीपेक्षा जास्त समजावून सांगायचं बंधन आहे. खरी लाज रोजच्या उपचारांची आहे.

येळ्ळूरकर

कागदाची गल्लत झाली, कबूल. पण नियम आणि रात्रीचे अकरा यात फरक असतो, तो तुम्हाला जास्त ठाऊक.

काकतीवेस

भाषेचं राजकारण दवाखान्यात आणू नका राव. तिथं तरी सुखानं राहू द्या. कन्नड सिस्टरांनीच आमच्या घरातल्या तिघींची बाळंतपणं केली, मोडक्या मराठीत धीर देत.

घाटमाथा

काकतीवेस, त्या सिस्टरांना दंडवत. त्या मोडक्या मराठीत बोलल्या म्हणूनच धीर आला ना? मग कागदानं तेवढं केलं तर राजकारण कसं?

आणि डॉक्टर, एक राहिलं. कळा सुरू झाल्यावर अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा दोन ग्रॅमचा एकच डोस, ती चाचणीही बेळगावात झाली. २०२३ चा निकाल. सगळ्यांना देताय काय मग?

रात्रपाळीचा डॉक्टर

मी देत नाही. सात देशांतल्या २९ हजारांवर बायका. आईला सेप्सिस (म्हणजे अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग) किंवा मृत्यू २.४ वरून १.६ टक्के झाला, जवळजवळ सगळा फरक सेप्सिसचा. बाळांच्या मृत्यूत फरक नाही. सव्वाशे बायकांना औषध दिलं की एकीला फायदा. बाकी १२४ जणींच्या पोटात अँटिबायोटिक गेलं, त्याचा हिशोब दहा वर्षांनी येईल, औषधं लागू पडेनाशी झाली की. माझे वरिष्ठ माझ्याशी सहमत नाहीत. ते म्हणतात, सेप्सिसनं आडवी झालेली एक बाई तू बघ, मग सव्वाशेचं गणित मांड.

सिस्टरांची पिशवी मात्र उद्या सगळीकडं द्या. केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका इथल्या ८० रुग्णालयांत चाचणी झाली; निम्म्यांत पिशवीनं मोजलं, रेघेला पोचलं की मसाज, औषध, सलाईन, तपासणी सगळं एकदम सुरू केलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यानं मृत्यू, हे सगळं मिळून तिथं १.६ टक्के, बाकीच्या रुग्णालयांत ४.३. तोही २०२३ चाच निकाल.

निवृत्त सिस्टर

बघा, आपली पिशवी आफ्रिकेला जाऊन आली.

तायी कार्डवाली

आमच्या केंद्रात नाही अजून. ट्रे आहे.

सिस्टर, तुम्ही त्या गोळीच्या चाचणीचं एक पान मराठीत लिहून द्याल काय? मी दर गुरुवारी लसीकरणाला बायका जमतात तिथं वाचून दाखवते. सासवांसकट.

निवृत्त सिस्टर

लिहिते की. पण ती रिकामी गोळी कशी सांगायची? घाटमाथा रागावतील.

घाटमाथा

"खोटी गोळी" लिहा. होती ती खोटीच.

रात्रपाळीचा डॉक्टर

खोटी म्हटलं की फसवणूक वाटते. बायकांना आधी सांगितलेलं असतं की दोन्हीपैकी कुठली मिळेल ते माहीत नाही. "साखरेची गोळी" म्हणतात सगळे.

निवृत्त सिस्टर

साखरेची म्हटलं तर पोरं मागायला येतील. मी "बिनऔषधाची गोळी" लिहिते. आणि ८०८ आकडा मोठ्या अक्षरात.