राउटर बदलल्यापासून कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर मोबाइलवर दिसत नाही

प्रश्न
घरी आठ चॅनेलचा एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर) आहे. चार कॅमेरे त्याच्या पाठीमागच्या पीओई (एकाच केबलमधून वीज आणि चित्र नेणाऱ्या) पोर्टना थेट जोडलेले आहेत आणि पाचवा वायफायवर चालतो. इंटरनेट सेवा बदलल्यामुळे राउटरही नवा आला. वायफायचे नाव आणि पासवर्ड मी मुद्दाम जुनेच ठेवले. तरीही मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये रेकॉर्डर ‘ऑफलाइन’ दिसतो, मग मी घरच्या वायफायवर असो वा बाहेर. रेकॉर्डरला जोडलेल्या टीव्हीवर मात्र चारही कॅमेरे व्यवस्थित दिसतात, फक्त पाचव्याची चौकट काळी आहे. लॅन (घरातल्या जाळ्याच्या) पोर्टचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे आणि केबलही बदलून पाहिली. रेकॉर्डरच्या नेटवर्क पानावर आयपी १९२.१६८.१.१०८ आणि गेटवे (बाहेर जाण्यासाठीचा राउटरचा पत्ता) १९२.१६८.१.१ असे आहे, तर मोबाइलला १९२.१६८.०.२३ हा पत्ता मिळाला आहे. रेकॉर्डर फॅक्टरी रीसेट करावा का?

पहिले उत्तर
रीसेट मुळीच करू नका. दोष कुठे आहे ते तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच आले आहे. जुन्या राउटरचे जाळे १९२.१६८.१ ने सुरू होत होते आणि नव्याचे १९२.१६८.० ने होते, पण रेकॉर्डरचा पत्ता बसवणाऱ्याने हाताने भरून ठेवलेला असल्यामुळे तो अजूनही जुन्याच गेटवेची वाट पाहत बसला आहे. दिवा लुकलुकतो याचा अर्थ केबल ठीक आहे, एवढाच. चार कॅमेरे दिसतात यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण पीओई पोर्टमागे रेकॉर्डरचे स्वतःचे वेगळे जाळे असते आणि त्याला राउटरशी काही देणेघेणे नसते. पाचव्या कॅमेऱ्याने बहुधा नव्या राउटरकडून आपोआप नवा पत्ता घेतला आहे आणि रेकॉर्डर त्याला जुन्या पत्त्यावर शोधतो आहे.

माझ्या मते सर्वांत कमी खटपटीचा मार्ग असा, की रेकॉर्डरला हात न लावता राउटरचाच लॅन पत्ता १९२.१६८.१.१ करावा. त्यानंतर राउटरमध्ये डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर पाचव्या कॅमेऱ्याच्या मॅक पत्त्यापुढे (यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकापुढे) त्याचा जुना आयपी राखून ठेवावा आणि १०८ हा क्रमांक आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांतून वगळावा. नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता पाहुण्याच्या फोनला मिळेल आणि रेकॉर्डर पुन्हा गायब होईल.

दुसरे उत्तर
वरील उपाय योग्य आहे, पण आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता पाहून घ्या. सेवा पुरवणाऱ्याची फायबरची पेटी पुढे स्वतःच राउटरचे काम करत असेल आणि तीही १९२.१६८.१ चेच पत्ते वाटत असेल, तर राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच जाळे होईल आणि घरातले सगळेच इंटरनेट बंद पडेल. तसे असल्यास राउटर आहे तसाच ठेवून रेकॉर्डरचा आयपी आणि गेटवे बदलावेत.

प्रश्नकर्ता
वॅनचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो, त्यामुळे राउटरचाच लॅन पत्ता बदलला. पाचही कॅमेरे आले आणि घरच्या वायफायवर अ‍ॅपही चालू झाले. मात्र मोबाइल डेटावर अजून काहीच दिसत नाही. जुन्या राउटरप्रमाणेच पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी रेकॉर्डरकडे वळवणे) केले आहे आणि तीनदा तपासले आहे.

दुसरे उत्तर देणारा
तीसदा तपासलेत तरी ते चालणार नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता तुमच्या राउटरकडे नाहीच. तो पुरवठादाराच्या यंत्रावर आहे आणि अनेक ग्राहक तो वाटून वापरतात. बाहेरून आलेली जोडणी तिथेच अडते, तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही.

पुरवठादाराकडून सार्वजनिक स्थिर आयपी विकत घेता येतो, पण तुमच्या गरजेसाठी तो खर्च मला पटत नाही. रेकॉर्डरमधील पीटूपी सुरू करा आणि क्यूआर कोड स्कॅन करून अ‍ॅपमध्ये जोडा. यात रेकॉर्डर स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतो, त्यामुळे वरचा अडथळा लागू होत नाही. उघडलेले पोर्ट मात्र आजच बंद करा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने मूळ पासवर्ड न बदललेले असेच रेकॉर्डर आणि कॅमेरे मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. तुमचाही मूळ पासवर्ड तसाच असेल तर तो आधी बदला.

प्रश्नकर्ता
पोर्ट बंद केले, पासवर्ड बदलला. पीटूपी सुरू करूनही ‘ऑफलाइन’च येत होते. शेवटी नेटवर्कच्या पानावर खाली सरकून पाहिले, तर डीएनएसच्या (सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) रकान्यात ०.०.०.० होते. सर्व्हरच्या नावाचा पत्ता शोधायची वेळ रेकॉर्डरवर आजवर आलीच नव्हती, म्हणून ते कुणाच्या लक्षात आले नसावे. तिथे १९२.१६८.१.१ भरले आणि अर्ध्या मिनिटात ‘ऑनलाइन’ दिसले. मोबाइल डेटावर मुख्य स्ट्रीम (पूर्ण दर्जाचे चित्र) अडखळते, सबस्ट्रीम (कमी दर्जाचे, हलके चित्र) मात्र सुरळीत चालते.